लेकराची लस, आईची शंका

(परभणी जिल्ह्यात गावपातळीवर काम करणाऱ्या मैत्रिणींच्या आरोग्य शिबिरातील भाषणाचा संपादित मजकूर)

आजच्या सत्राचा विषय आहे लहान मुलांचं लसीकरण. विषय ऐकून काहींना वाटलं असेल, की हा तर सरकारी खात्याचा विषय. भिंतीवर रंगवलेला, रेडिओवर ऐकलेला. आपण दारूवर बोलतो, हुंड्यावर बोलतो, रेशन आणि रोजगार हमीवर बोलतो. त्यात हे सुईचं कुठून आलं?

पण जरा विचार करा. लेकराला कडेवर घेऊन उपकेंद्रात कोण जातं? आई. रात्री ताप आला, लेकरू किरकिरलं, तर जागतं कोण? आई. दुसऱ्या दिवशी मजुरी कुणाची बुडते? तिचीच. आणि काही बरंवाईट झालं तर सासू, नवरा, डॉक्टर सगळे मिळून बोल कुणाला लावतात? लस दिली म्हणूनही तिला आणि दिली नाही म्हणूनही तिला. मग हा विषय बायकांच्या संघटनेचा नाही तर कुणाचा?

ही आई कोण आहे तेही पाहू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वर्षं वयाच्या बायकांपैकी ४८ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. म्हणजे जिच्याकडून आपण ‘जबाबदार पालक’ होण्याची अपेक्षा करतो, ती बऱ्याचदा स्वतःच एक पोर असते. घरात तिला कुणी विचारत नाही, दवाखान्यात तिला कुणी सांगत नाही. तिने एखादा प्रश्न विचारला, तर ‘अडाणी’ हा शब्द ठरलेला.

तिचे प्रश्न तरी काय असतात? तुम्ही गावात हिंडता, तुम्ही ते ऐकलेले आहेत. ‘चांगलं खेळतंय लेकरू, कामून सुई टोचायची?’ ‘मागच्या बारीला रातभर तापानं फणफणलं, मांडी सुजली.’ ‘शेजारणीच्या लेकराला सुई दिल्यावर झटके आले म्हणतात.’ ‘ह्या सुईनं पुढं मुलंबाळं होत नाहीत म्हणतात, खरं का?’ मला विचाराल तर यातला एकही प्रश्न अडाणीपणाचा नाही. धडधाकट लेकराच्या अंगात कुणी काही टोचायला आलं, तर आईने विचारायचं नाही तर कुणी विचारायचं? आजारी माणूस औषध घेतो तेव्हा त्याला दुखणं दिसत असतं. लसीचं तसं नाही. जो आजार दिसत नाही, कदाचित होणारही नाही, त्याच्यासाठी आज लेकराला रडवायचं. हा हिशोब अवघडच आहे, आणि तो आईच्या डोक्यात चाललेला असतो.

शंका आली कुठून?

आपल्या लोकांचा सरकारी सुईवर विश्वास नसतो, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. विश्वास का नाही, हे मात्र कुणी विचारत नाही. त्याला इतिहास आहे.

१८९७ साली पुण्यात प्लेग आला. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्चला गेल्या. त्याच साथीत रँडसाहेबाचे गोरे सोल्जर तपासणीसाठी घराघरांत घुसले. माजघरं, देवघरं, बायकांची अंगं, काही सोडलं नाही. प्लेगच्या इस्पितळात बायकांचे काय हाल होतात, यावर पंडिता रमाबाईंनी तेव्हा वर्तमानपत्रात लिहून आवाज उठवला. याच वर्षी जानेवारीत मुंबईत डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि आधी स्वतःला टोचून घेतली. हे त्यांचं मोठेपण. पण त्यानंतर ती टोचून पाहिली ती भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना. कैद्याची ‘संमती’ किती खरी असते, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पुढे आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, एवढंच. मग पल्स पोलिओच्या काळात उत्तर प्रदेशात, आपल्याकडे मालेगावात, ‘हे डोस मूल होऊ नये म्हणून आहेत’ अशी कुजबुज झाली, तेव्हा ती आकाशातून पडली नव्हती. बोलणाऱ्याने आधीचं पाहिलेलं होतं. डोसाबद्दल ते खोटं होतं, पण सरकारबद्दलचा त्यांचा अनुभव खोटा नव्हता.

आणि आपल्या चळवळीचं काय? १९८५ मध्ये हैदराबादजवळ पाटणचेरूला बायकांना ‘नेट-एन’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन देण्याचं शिबिर भरलं. हा प्रयोग आहे, याचे परिणाम काय होऊ शकतात, हे जमलेल्या बायकांना सांगितलंच नव्हतं. ‘स्त्री शक्ती संघटना’, ‘सहेली’, ‘चिंगारी’ या गटांनी १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. नव्वदच्या दशकात गर्भनिरोधक लसीच्या संशोधनाविरुद्ध जगभरच्या स्त्री-संघटना उभ्या राहिल्या, त्यात आपणही होतो.

आणखी अलीकडचं सांगते. २००९ मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. खम्मममध्ये वसतिगृहांत राहणाऱ्या आदिवासी मुली पुष्कळ होत्या. दोन्ही ठिकाणी मिळून सात मुलींचे मृत्यू झाले. ‘समा’सारख्या स्त्री-आरोग्य गटांनी हा प्रश्न लावून धरला आणि एप्रिल २०१० मध्ये काम थांबवावं लागलं. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध दिसला नाही. एक मुलगी बुडून गेली होती, एकीला साप चावला होता. पण २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने जो अहवाल दिला, त्यात संमतीचं पितळ उघडं पडलं. खम्ममकडच्या ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ वर पालकांची नव्हे, वसतिगृहाच्या वॉर्डनची सही होती. १,९४८ वर नुसते अंगठे होते.

हे सगळं मी मुद्दाम सांगते आहे. कुणी म्हणालं, ‘तुम्ही बायका उगाच संशय घेता’, तर सांगा, की आमच्या संशयाला तारखा आहेत.

इतिहास काय सांगतो, काय सांगत नाही

पण मैत्रिणींनो, इथेच जरा थांबू. खम्ममची गोष्ट काय सांगते? मुलींना विचारलं नाही, आईबापांना सांगितलं नाही, नंतर त्यांच्याकडे पाहिलं नाही. लस वाईट आहे, असं ती गोष्ट सांगत नाही.

याच वेळी आपल्या शेजारी, बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलात आणि पुण्यातही, याच लसीचा एक वेगळा अभ्यास चालू होता. दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे त्यात पाहायचं होतं. २०१० मध्ये सगळीकडेच काम थांबलं आणि हजारो मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्या मुलींचा पाठपुरावा पुढे बरीच वर्षं केला, तेव्हा एका डोसानेही चांगलं संरक्षण मिळतं असं दिसलं. आज जगात एका डोसाचा पर्याय मान्य झाला आहे, त्यात या मुलींचा वाटा आहे. स्वीडनमध्ये सोळा लाखांवर मुली-बायकांची नोंद पाहिली. सतराव्या वर्षाच्या आत लस घेतलेल्यांमध्ये हा कर्करोग सुमारे ८८ टक्क्यांनी कमी आढळला. आपल्याकडे या रोगाने बायका मरतात, आणि त्यातल्या बहुतेक गरीब असतात. तेव्हा प्रकल्पाला विरोध करणं बरोबर होतं, आणि लसीचा फायदा मान्य करणंही बरोबर आहे. या दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने म्हणता आल्या पाहिजेत.

पोलिओचंही तेच. २००९ मध्ये भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण होते, जगातले जवळजवळ निम्मे. २०१० मध्ये ४२. २०११ च्या जानेवारीत हावड्याची एक लहान मुलगी, ती शेवटची. २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. देवीचा रोग तर तरण्या मुलींना माहीतही नाही. आपल्या आजीच्या, पणजीच्या पिढीत दर गावात देवीच्या व्रणांचे चेहरे होते, त्यातून आंधळे झालेले होते. व्रण असलेल्या मुलीचं लग्न जमणं मुश्किल व्हायचं. तो रोग १९७५ मध्ये आपल्या देशातून गेला तो टोचण्यानेच. लिंबाचा पाला आपण आधीही बांधत होतोच.

सुईने काय होतं आणि काय होत नाही

आता मुद्द्याचं बोलू. आईला खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं?

पहिलं, ताप येतो. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना जी पेंटाव्हॅलंट देतात, तिच्यात घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब अशा पाच रोगांची लस असते. तिने पुष्कळ लेकरांना ताप येतो, मांडी दुखते, सुजते. एकदोन दिवसांत उतरतं. ‘काही होत नाही’ असं सांगून आईला घरी पाठवलं आणि रात्री लेकरू तापलं, की ती पुढच्या डोसाला येत नाही. यात तिचं काय चुकलं? तिला खोटं सांगितलं गेलं. त्यापेक्षा ‘ताप येईल, सिस्टरने सांगितलं तेवढंच तापाचं औषध द्या, जागेवर हळद-तेल चोळू नका, अंगावर पाजत राहा’ असं सांगितलं, तर ती घाबरत नाही.

दुसरं, जन्मल्यावर दिलेल्या बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी पुळी येते, तीतून पू येतो, मग व्रण राहतो. हे लसीचं काम चालल्याचं लक्षण आहे. गोवर-रुबेलाच्या सुईनंतर आठवड्या-दीड आठवड्याने थोडा ताप, अंगावर पुरळ येऊ शकतं.

तिसरं, क्वचित होतं पण गंभीर असतं. सुईनंतर काही मिनिटांत अंगावर गांधी उठणं, श्वास लागणं, लेकरू गळून जाणं, म्हणजे तीव्र अ‍ॅलर्जी. दहा लाख डोसांमागे एखाद्या वेळी होते, पण होते. त्यावरचं इंजेक्शन सिस्टरजवळ असावं लागतं आणि ते लगेच द्यावं लागतं. म्हणून टोचल्यावर अर्धा तास थांबायचं. अर्धा तास थांबायला सावली, बसायला जागा आणि प्यायला पाणी हवं, हेही त्यातच आलं. सलग तीन तासांहून जास्त रडणं, झटके, सुस्ती असं काही झालं तर वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं.

चौथं, आणि हे लपवायचं नाही. तोंडावाटे देण्याच्या पोलिओ डोसात जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. साधारण २७ लाख पहिल्या डोसांमागे एखाद्या लेकराला त्यानेच लुळेपणा येऊ शकतो. पोलिओ गावोगाव होता तेव्हा हा धोका रोगापुढे नगण्य होता. रोग मागे हटला तसं तराजूचं पारडं बदललं. मग काय केलं? २०१५ पासून भारतात पोलिओची सुई सुरू झाली, तिच्यात मेलेला विषाणू असतो. एप्रिल २०१६ मध्ये तोंडावाटेच्या डोसातला सगळ्यात त्रासदायक दुसऱ्या प्रकारचा विषाणू काढून टाकला. म्हणजे शंका घेतली, अभ्यास झाला, धोरण बदललं. संशोधन असं चालायला हवं.

बहुतेक वेळा घात हाताने होतो

लसीच्या इतिहासातले मोठे अपघात पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. बहुतेक ठिकाणी दोष लसीत नव्हता, ती देण्यात होता.

१९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी प्लेगची लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मेले. सगळे एकाच बाटलीतले. हाफकिन यांना दोषी धरून बाजूला केलं. पुढे निघालं असं, की बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला आणि नीट निर्जंतुक न करता तोच वापरला. हाफकिन यांच्यावरचा ठपका पुसायला १९०७ साल उजाडलं.

२००८ मध्ये तामिळनाडूत तिरुवल्लूर जिल्ह्यात गोवराच्या सुईनंतर चार तान्ही बाळं गेली. २०१८ मध्ये तोंडावाटेच्या पोलिओ लसीच्या काही कुप्यांत, काढून टाकलेला तो दुसऱ्या प्रकारचा विषाणू सापडला. गाझियाबादच्या एका कंपनीचा तो माल उत्तर प्रदेश, तेलंगणा आणि आपल्या महाराष्ट्रातही आला होता. आणि ३१ जानेवारी २०२१ ला यवतमाळच्या घाटंजी तालुक्यात, कापसी-कोपरी गावात, बारा लेकरांना पोलिओच्या डोसाऐवजी हात धुवायचं सॅनिटायझर पाजलं. लेकरं उलट्या करू लागली, दवाखान्यात न्यावी लागली. नशिबाने सगळी वाचली.

अशा वेळी आपण काय करतो यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. सामोआ नावाचा एक छोटा बेटांचा देश आहे. तिथे २०१८ मध्ये गोवराच्या लसीची पावडर पातळ करताना नर्सने पाण्याऐवजी भुलीच्या वेळी वापरायचं औषध मिसळलं. दोन बाळं जागीच गेली. सरकारने लसीकरणच थांबवलं, खुलासा यायला वेळ लागला, अफवांना ऊत आला. चालू झाल्यावरही लोक येईनात. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, गोवराची साथ आली आणि ८३ जीव गेले. बहुतेक लहान लेकरं. चूक झाली तेव्हा दोन मेली. चूक झाली हे वेळेवर, सरळ सांगितलं नाही आणि विश्वास गेला, तेव्हा ८३ मेली.

गोवराला आपण अजूनही ‘येतो नि जातो’ म्हणतो. पण गोवरामागून निमोनिया येतो, डोळे जातात, आणि लेकराची रोगाशी लढायची ताकद पुढे कित्येक महिने खचलेली राहते. कुपोषित लेकराला तो सोडत नाही. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडीच्या वस्तीत, मग मालेगाव-भिवंडीत साथ आली तेव्हा लेकरं गेली ती झोपडपट्टीतलीच.

‘नंतर’ आणि ‘मुळे’

आता संशोधनाबद्दल थोडं. वाक्यात दोन शब्द असतात, ‘नंतर’ आणि ‘मुळे’. लेकराला सुई दिल्यानंतर झटके आले, हे आईने पाहिलेलं असतं, ते खरंच असतं. पण सुईमुळे आले का, हे एका लेकरावरून कळत नाही. पहिल्या दीड वर्षात लेकराला इतक्या सुया असतात, की त्या वयात जे काही व्हायचं ते कुठल्यातरी सुईच्या आसपास होणारच. लेकरू बोलत नाही, नजरेला नजर देत नाही, हे आईच्या ध्यानात येण्याचं वयही नेमकं तेच असतं.

मग कळायचं कसं? ज्यांना लस दिली त्यांच्यात तो त्रास किती आणि ज्यांना दिली नाही त्यांच्यात किती, हे मोजायचं. १९९८ मध्ये इंग्लंडात वेकफिल्ड नावाच्या डॉक्टरने गोवराच्या तिहेरी लसीचा संबंध ऑटिझमशी, म्हणजे स्वमग्नतेशी, जोडला. त्याच्यापाशी किती मुलं होती? बारा. लस न घेतलेली मुलं तुलनेला नव्हती. लसीविरुद्ध दावे लढवणाऱ्या वकिलाकडून त्याला पैसे मिळाले होते, हे पुढे उघड झालं. २०१० मध्ये तो लेख मागे घेतला गेला, त्याची डॉक्टरकी गेली. डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांची नोंद तपासून २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. लस घेतलेल्या मुलांत स्वमग्नता जास्त आढळली नाही. बारा मुलांची बातमी मात्र अजून मोबाइलवर फिरते आहे, सहा लाखांची कुणाला माहीत नाही.

आणि या बातमीत स्वमग्न मुलांच्या आयांचं काय झालं, तेही बघा. ‘तू सुई दिलीस म्हणून असं झालं’ असं ऐकत त्यांनी वर्षं काढली.

म्हणून कुठलाही ‘अभ्यास’ समोर आला की आपण चार प्रश्न विचारू. मुलं किती होती? तुलनेला कोण होतं? पैसा कुणाचा होता? दुसऱ्या कुणी पुन्हा करून पाहिलं का? हे प्रश्न लसीविरुद्ध बोलणाऱ्याला विचारायचे, तसेच लस बनवणाऱ्या कंपनीलाही.

ऊसतोडीच्या टोळीत तराजू कसा धरायचा?

आपल्या गंगाखेड, सोनपेठ, पालम भागातल्या बायकांना हे सगळं सांगून झालं, तरी एक अडचण राहतेच. दिवाळीच्या पुढेमागे टोळ्या निघतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. पाच-सहा महिने. दीड, अडीच, साडेतीन, नऊ महिने या लसीच्या तारखा मुकादमाला माहीत नसतात. कारखान्याच्या थळावर, कोपीत राहणाऱ्या या बाईचं नाव तिथल्या आशाच्या यादीत नसतं आणि गावातल्या यादीत ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो. दोन्हीकडून ती सुटली.

समजा सत्र जवळ आहे, कार्डही आहे. तरी तिने दिवस मोडला की खाडा. उचल घेतलेली आहे, कोयता नवराबायकोचा मिळून आहे. ती थांबली की दोघांचं काम मोडतं. सुई दिली आणि रात्री ताप आला तर दुसराही दिवस गेला. मग ती म्हणते, ‘पुढच्या बारीला बघू.’ कागदावर याला ‘पालकांची उदासीनता’ म्हणतात. मी म्हणते, तिने हिशोब केला आहे. तापाचा खर्च तिच्या पदराला आहे आणि फायदा लांबचा आहे, म्हणून हिशोब तसा आला. राज्यात सगळे डोस मिळालेल्या एक ते दोन वर्षांच्या मुलांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये ५६ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये ७३ टक्क्यांवर गेलं. ही चांगली गोष्ट आहे. पण उरलेल्यांत कोण आहेत, हे शोधायला फार लांब जावं लागणार नाही. टोळीत, वीटभट्टीवर, जिंतूरकडच्या तांड्यांवर जाऊन पाहा.

हक्क कोणते?

दोन निकाल ध्यानात ठेवा. शाळांमधल्या गोवर-रुबेला मोहिमेबाबत जानेवारी २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं, की पालकांची संमती गृहीत धरता येणार नाही. फायदे आणि धोके दोन्ही सांगून ती घ्यावी लागेल. आणि कोविडच्या लसीबाबत २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की कुणालाही जबरदस्तीने लस देता येणार नाही. स्वतःच्या शरीरावरचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्याच निकालात न्यायालयाने सरकारचं लसीकरणाचं धोरण अवाजवी ठरवलं नाही. मात्र चाचण्यांची माहिती लोकांपुढे ठेवा आणि दुष्परिणामांची तक्रार सामान्य माणसालाही करता येईल अशी सोय करा, असं बजावलं.

माझं म्हणणं याहून वेगळं नाही. माझ्या मते लेकरांना लस दिली पाहिजे. मी ते स्पष्ट सांगते, कारण रोगाचा धोका सुईच्या धोक्याहून कितीतरी मोठा आहे, आणि तो गरिबाच्या लेकरालाच जास्त आहे. पण हे आईला पटवून द्यायचं आहे, तिच्यावर लादायचं नाही. ‘रेशन बंद करू’, ‘दाखला देणार नाही’ अशा धमक्यांनी एक डोस पडतो आणि पुढचे तीन बुडतात.

आपण काय करायचं?

सत्राच्या दिवशी मंडळातल्या दोघीजणी तिथे बसा. भांडायला नको, पाहायला बसा. कुपीवर एक गोल असतो, त्याच्या आत चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका हवा. सारखा किंवा गडद झाला असेल तर लसीला ऊन लागलं, ती घ्यायची नाही. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे. गोवराची आणि बीसीजीची पावडर पातळ केली की त्यावर वेळ लिहायची, चार तासांनंतर उरलेली टाकून द्यायची. पातळ करायचं पाणी लसीसोबत आलेलंच हवं, आणि त्याच्या डब्यात दुसरं कुठलंही औषध नको. आपल्याकडे वीज किती वेळ जाते, ते तुम्हाला माहीत आहे. आरोग्य केंद्रातल्या लसीच्या फ्रिजची तापमानाची वही रोज भरली जाते का, हे विचारायचा आपल्याला अधिकार आहे. सिस्टरला हे आवडेलच असं नाही. पण चार उपकेंद्रांचं काम एकटीवर पडलेली सिस्टरही बाईच आहे. तिच्या रिकाम्या जागा भरा, ही मागणीसुद्धा आपलीच.

आशाताईंनो, तुमच्यावर आकड्यांचा दट्ट्या असतो, हे मला कळतं. तरी ‘ताप येत नाही’ असं कुणाला सांगू नका. दुसऱ्या दिवशी त्या घरी एक चक्कर मारा. ती चक्कर पुढचे सगळे डोस मिळवून देते.

आणि मागण्या. एक, ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या थळावर ठरलेल्या दिवशी सत्र झालं पाहिजे, आणि त्या दिवसाचा व नंतरच्या दिवसाचा खाडा आईच्या नावे पडता कामा नये. दोन, लसीनंतर लेकराला गंभीर काही झालं तर चौकशी ठरलेल्या मुदतीत व्हावी, आणि तिचा निष्कर्ष आईला मराठीत, लेखी मिळावा. तीन, लसीने खरोखर इजा झाली तर कुणाचा दोष हे सिद्ध करत न बसता भरपाई मिळावी. ब्रिटनमध्ये असा कायदा १९७९ पासून आहे, अमेरिकेत १९८६ मध्ये झाला. सगळ्यांच्या भल्यासाठी आपण लस घ्यायला सांगतो, तर त्यात ज्या एखादीच्या लेकराला सोसावं लागलं, तिचा भार सगळ्यांनी उचलायला नको का?

गावात गेल्यावर पहिल्यांदा ज्या आईने लस नाकारली आहे तिच्याकडे जा. समजवायला सुरुवात करण्याआधी तिला विचारा, ‘मागच्या वेळी काय झालं होतं?’ आणि ती सांगेल ते पुरतं ऐकून घ्या, वहीत लिहून आणा. पुढच्या बैठकीत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना बोलावायचं आहे. त्यांच्यापुढे आपण त्या वह्या ठेवू.

आता तुमचे प्रश्न घेऊ.